डॉक्टरांची स्क्रीन

"रिपोर्ट टाकलाय सर, सकाळीच," लॅबमधल्या ताई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मोठे डॉक्टर ऐकायला तयार नव्हते. "माझ्या स्क्रीनवर नाही, म्हणजे टाकलेला नाही. तिकडे ऑपरेशन खोळंबलंय आणि तुम्ही तोंडावर खोटं बोलता?" सगळ्या वॉर्डासमोर त्यांनी ताईंना घरी पाठवलं.

तोवर अख्ख्या हॉस्पिटलची सिस्टिम रखडायला लागली होती, म्हणून कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मुलीला बोलावलं. नव्या नोंदी बाजूच्या फाइलमध्ये साठून फुगल्या होत्या. त्या मुख्य डेटाबेसमध्ये उतरवायचं काम, म्हणजे चेकपॉइंट, पुरं होत नव्हतं, कारण कुणाचा तरी कॉम्प्युटर अजून जुनाच डेटा वाचत बसला होता. शोधत शोधत ती मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये पोचली.

"सर, तुम्ही आल्या आल्या उघडलेलं हे पान अजून तेव्हाचाच डेटा दाखवतंय. नंतर आलेलं काही त्यात दिसणारच नाही. आणि त्याच्यापायी बाकीच्यांचंही अडलंय."

"हात लावू नकोस. रिपोर्टची वाट बघतोय मी."

तिचं डोकं सणकलं. तिने पान बंद केलं आणि पुन्हा उघडलं. रिपोर्ट समोर होता, सकाळच्या वेळेसकट, खाली ताईंचं नाव.

डॉक्टरांनी तो वाचला आणि ते तिच्यावरच खेकसले,

"मग हे मला आधी कुणी सांगितलं का नाही?"