हळदीचा पिवळा

पाटावर बसलेल्या रेवतीला आत्या हळद लावत होती, तेवढ्यात नवरीची पिवळी साडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत राखाडी झाली. पाठोपाठ मांडवाचे पिवळे पडदे राखाडी झाले आणि रस्त्यावरच्या टॅक्सीही.

कापडांना, भिंतींना, गाड्यांना रंग आता एकाच मध्यवर्ती रंगकोठारातून मिळायचा, आणि रेवती तिथेच कामाला होती. हळदीचा पिवळा वेगळा ठेवा, असं तिने कितीदा सांगितलं होतं. तिचे साहेब, बल्लाळ, त्यावर हसले होते. "दोन्ही रंगांचा आकडा एकच आहे ना? मग टॅक्सीच्या पिवळ्याला जोडून टाक." आज टॅक्सी कंपनीने आपला रंग बदलून राखाडी केला होता.

तिने साहेबांना फोन लावला.

"पिवळा वेगळा करायला सगळ्या कंपन्यांची संमती लागेल, सोमवारी बघू," ते म्हणाले. "एक दिवस राखाडी नेसलीस म्हणून काय बिघडतं?"

रेवतीने फोन आत्याच्या हातात दिला. वाटीतली खरी हळद अजून पिवळीच होती. ती वाटी उचलून तिने पदरावर पालथी केली आणि दोन्ही तळव्यांनी ती हळद साडीभर चोळली.

"त्यांना सांग आत्या," ती म्हणाली, "हा पिवळा बदलून दाखवा म्हणावं."