‘दंतकथे’तले दोघे

अ‍ॅडमिनताईंनी मेण कापायच्या सुऱ्या टेबलावरून उचलल्या आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. प्लॅस्टरचे जबडे वरच्या फळीवर सरकवले. रागावलेल्या माणसाच्या हाताला काय लागेल, सांगता येत नाही. मग दोन खुर्च्या खोलीच्या दोन टोकांना मांडल्या आणि दाराकडे बघत बसल्या. अकराला पाच मिनिटं कमी होती.

कवळ्या बनवणाऱ्यांचा एक ऑनलाइन ग्रुप त्यांनी चार वर्षांपूर्वी काढला होता, त्या काम करत ती लॅब बंद पडली तेव्हा. नाव ठेवलं ‘दंतकथा’. आता त्यात चारशे बारा माणसं होती. कुणाला काम मिळे, कुणाला कामाला माणूस. अडलेल्याला तासाभरात उत्तर मिळे. फक्त दोघांनी सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. एकाने नाव लावलं होतं ‘साचा’, दुसऱ्याने ‘बत्तीस’. साचा म्हणे, कवळी हातानेच व्हावी. बत्तीस म्हणे, हातापेक्षा मशीन बरं. कुणी नुसतं ‘प्लॅस्टर कुठलं चांगलं?’ असं विचारलं, तरी दोघं दातओठ खात एकमेकांवर तुटून पडत. ताईंनी नियम लिहून पाहिले. तीन-तीन दिवस दोघांची तोंडं बंद करून पाहिली. चौथ्या दिवशी दोघं तीन दिवसांचं साठलेलं घेऊन हजर!

महिन्याभरात सव्वीस जण ग्रुप सोडून गेले. त्यात एका मोठ्या लॅबच्या मालकीणबाईंनी निर्वाणीचं कळवलं. ग्रुपमधल्या कितीतरी जणांना काम त्याच देत. ‘ही काय तालीम आहे? रविवारपर्यंत एकाला काढा, नाहीतर मी निघाले.’

एकाला म्हणजे कुणाला? नवशिक्यांच्या शंका साचासारख्या कुणी सोडवत नसे, आणि मशीनमधलं बत्तीसइतकं कुणाला कळत नसे.

“दोघांना बोलावून घे,” नवरा म्हणाला. “समोरासमोर आले की आपोआप दातखीळ बसते.”

ताईंनी दोघांना वेगवेगळा निरोप धाडला, रविवारी अकराला माझ्या घरी या. मनाशी ठरवलं, जो आधी आवाज चढवेल तो बाहेर.

बरोबर अकराला दारात स्कूटर थांबली. चालवणारी तिशीतली. मागचे गृहस्थ साठी ओलांडलेले. तिच्या खांद्याला चुकूनही हात न लावता, सीटला धरून ते कसेबसे उतरले.

“मी बत्तीस,” ती म्हणाली. “आणि हे साचा.”

ताई चक्रावल्या. “वाटेत गाठ पडली का तुमची?”

“नाही हो. बाबा आहेत माझे.”

ताईंना हसावं की रडावं कळेना. बाबा तोवर खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बाहेर बघत बसले होते.

“तुम्हाला ठाऊक होतं, ही कोण आहे ते?”

“मुळाक्षरं मीच गिरवून घेतलीत तिच्याकडून,” ते म्हणाले. “दोन ओळींत ओळखलं.”

ताईंनी मन घट्ट केलं. बापलेक असले म्हणून काय झालं, प्रश्न चारशे माणसांचा होता. “हे बघा, मला वाईट वाटतंय. पण तुमच्यापैकी एकाला ग्रुप सोडावा लागेल.”

“मग मीच जातो,” बाबा लगेच उठले. “तिला राहू द्या. तिला अजून पुष्कळ कामं मिळवायचीत.”

“नाही!” मुलीचा आवाज एवढा चढला की आतल्या खोलीतून नवरा डोकावून गेला. “त्यांना काढू नका, ताई. मी मशीन आणलं त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आठ महिने झाले! मीठ हवं असलं तर आईला म्हणतात, ‘तिला सांग, मीठ दे.’ एकाच खोलीत पाठीला पाठ लावून काम करतो आम्ही. माझ्या खालच्या कवळ्या सैल होऊन परत येतात. विचारू कुणाला? म्हणून ग्रुपवर विचारते. तिथं मला वाट्टेल ते सुनावतात, पण निदान बोलतात तरी!”

ठरल्याप्रमाणे आता तिलाच काढायला हवं होतं. ताईंच्या ते ध्यानातही राहिलं नाही.

बाबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. स्वच्छ झाला तरी पुसतच राहिले.

“सैल होणारच,” शेवटी ते म्हणाले. “जिभेला जागाच ठेवत नाहीस तू. माप घेताना माणूस तोंड उघडून गप्प बसतो. घरी गेल्यावर बोलत नाही का तो?”

मुलगी बघतच राहिली. आज मध्ये आई नव्हती. बोलणं थेट तिच्याशी होतं.

“मग किती जागा सोडायची, ते सांगा ना!”

“तोंडी सांगून कळायचं नाही. एखादा जबडा असला तर दाखवतो.”

ताईंनी घाईघाईने फळीवरचा जबडा काढून दिला. कपाटाचं कुलूप उघडून सुऱ्याही दिल्या. दोन डोकी टेबलावर वाकली. दहा मिनिटांत दोघांची अशी जुंपली की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. ताई हलक्या मनाने चहा टाकायला गेल्या.

सोमवार गेला, मंगळवार गेला. ‘दंतकथे’त सामसूम. प्लॅस्टरबद्दल कुणी विचारलं, तर उत्तर एका ओळीचं आणि पुढे काहीच नाही. गुरुवारी मालकीणबाईंना राहवेना. ‘साचा आणि बत्तीस दिसत नाहीत कुठे? खरंच काढलंत की काय दोघांना? अहो, एवढं मनावर नाही घ्यायचं. परत घ्या बघू त्यांना.’

ताईंनी उत्तर लिहिलं, ‘कुणालाच काढलेलं नाही. हल्ली ते घरी भांडतात.’