बासष्टावा पुंजका

२००४च्या मे महिन्यात मी दापोलीच्या कृषी विद्यापीठातून रत्नागिरीला घरी आले ती संगणक घेऊनच. हापूसच्या पेशींत नेमकं काय बिघडतं आणि साका का होतो, ते मला शोधायचं होतं. वरून आंबा देखणा, पण कापला की गर पांढरट आणि आंबट. बाबांचं निम्मं पीक त्यातच जायचं.

पेशींमधल्या हजारो जनुकांच्या नोंदी मी भरल्या होत्या. संगणक प्रत्येक जनुकाचा एक ठिपका काढायचा आणि सारखी वागणारी जनुकं शेजारी-शेजारी मांडायचा. चित्र उमटलं तेव्हा बाबा मागेच उभे होते.

"आपली बाग कोणी काढली गो?"

मी हसले. पण त्यांनी बोट ठेवून दाखवलं. विहिरीपाशी मोकळी जागा, दगडी गडग्यापाशी वाकडी झालेली ओळ. ठिपक्यांचे पुंजके बासष्ट होते. आमची कलमं एकसष्ट.

मी नोंदींचा क्रम बदलून पुन्हा चित्र काढलं. पुन्हा बागच आली.

एकसष्ट पुंजके लाल होते. लाल रंग साक्याचा. बासष्टावा तेवढा हिरवागार.

"इथे तुझ्या आईनं लावलेलं कलम होतं," बाबा म्हणाले. सहा वर्षांपूर्वी आई गेली, त्याच पावसात ते वाळलं.

भर दुपारी आम्ही तिथे गेलो. वाळक्या खोडाच्या मुळाशी तांबूस पालवी फुटली होती.

"खालून फुटलं म्हणजे रायवळच," बाबा म्हणाले. "मुळं गावठी कोयीची, हापूस वर बांधलेला. मेलेल्या कलमाचा हापूस परत येत नाही."

जात ओळखायच्या सवयीनं त्यांनी एक पान चुरडून हुंगलं. मग हात माझ्या नाकापुढे धरला.

वास हापूसचा होता.