पूजेआधीचा रंग

शरदाचे ऊन गल्लीत उतरले की परितोषबाबू आपल्या जुन्या अँबेसडरच्या गंजलेल्या अंगात पुट्टी भरून घेत आणि दुर्गापूजेसाठी तिला नवा रंग चढवीत. यंदा जावई म्हणाला, "बाबा, दुरुस्ती पुरे, आता मोडीत काढा." तशी त्यांनी त्याच्या नव्याकोऱ्या गाडीवर टिचकी मारली.

"मोडीत हा डबा जाईल, जावईबापू! माझी गाडी अस्सल पोलाद आहे."

पत्नी मालबिकाने फ्रिजवरचा लोहचुंबक आणला. जावयाच्या गाडीला तो झटकन चिकटला. अँबेसडरच्या एकाही दारावर टिकेना, घसरून परितोषबाबूंच्या पायाशी पडला.



"वर्षानुवर्षं पुट्टी थापून, रंगवून मातीची मूर्तीच केलीत हो तिची," ती म्हणाली. "आता दशमीला विसर्जनही उरकून टाका."