पंप सुरू होण्याआधी

टक टक, टक टक. पंपघराच्या खाली होडीच्या काठावर वल्हं वाजू लागलं आणि जावयाने कपाळावर हात मारला. "आले! उजाडलं रे उजाडलं, की माझ्या नावाने ठोकायला हजर!"

आवाज मोठा नव्हता, पण डोक्यात जायचा. लांबच्या शहराला नदीचं पाणी उपसून देणाऱ्या या पंपावर त्याने नोकरी धरली आणि सासऱ्यांनी अबोला. त्यांचा जन्म या नदीत मासे धरण्यात गेलेला. राग येणारच, हे त्यालाही कळत होतं. पण रोज हा तमाशा? तो बटणाकडे वळेपर्यंत ठोकणं चालायचं. मग म्हातारा वर न बघता होडी वळवून चालता व्हायचा.

घरी बायकोला सातवा महिना. "बाबा बाळाला तरी बघायला येतील ना हो?" ती विचारायची. त्याचा जीव तुटायचा.

एके सकाळी टकटक झालीच नाही. सासरे तापाने फणफणले होते. बायको त्यांच्याकडे राहायला गेली होती. "चला, आज कानांना सुट्टी!" म्हणत त्याने पंप सुरू केला. थोड्याच वेळात मोटर कण्हू लागली. पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडावरची जाळी तुंबली होती. पालापाचोळा असेल म्हणून त्याने पंप बंद केला आणि जाळी वर ओढली.

पाला नव्हता. माशांची पिल्लं होती. नखाएवढी, जाळीला चिकटून बसलेली. त्याने ती ओंजळीने पाण्यात सोडली. थोडी सुळकन गेली. बाकीची नुसतीच तरंगत राहिली. एवढा बाप्या, पण त्याला रडू आवरेना. इतके दिवस जाळी कधी अशी भरली नव्हती. रोज सकाळी या पिल्लांना इथून कोण हलवत होतं, ते आता त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी बटण दाबायच्या आधी तो पाण्यात उतरला. बादली उपडी धरून जीव खाऊन बडवू लागला. दम लागला तरी थांबेना.

मागून कुणीतरी त्याचं मनगट धरलं. तो हात तापाने अजून गरम होता. कांबळं पांघरलेले सासरे गुडघाभर पाण्यात उभे होते. काठावर बायको डोळे पुसत होती.

"हळू, जावईबापू," म्हातारा म्हणाला. "घाबरवायचं नाही, नुसतं उठवायचं. निजलेली असतात ती."