बदावी काकांची शाळा

वगीदा चौथ्यांदा गोदीच्या पायऱ्यांवरून वर पळाली, तेव्हा बदावी काकांनी हातातलं वल्हं दगडावर आपटलं.

"खाली उतर!"

"पाणी थंड आहे."

"ऑगस्टात? पोर्ट सईदमध्ये? माशांना घाम फुटलाय तिथं, आणि हिला थंडी वाजते!"

पाण्यातली पोरं खिदळली. ती सगळी काकांनीच तयार केलेली. कोळशाच्या धक्क्यावर दिवसभर पोती वाहून झाली की काका घरी न जाता कोळ्यांच्या गोदीवर येत. धुतलेली पायघोळ गलाबिया, पांढरी टोपी, हातात तुटकं वल्हं. पायरीवर उभं राहून ओरडत. "फिकरी, पाय! तू गाढव नाहीस, लाथा नको झाडू!" पाच उन्हाळे हाच नेम.

गल्लीतल्या प्रत्येक पोराला पोहता आलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. कुणाची आई नको म्हणाली तर ते तिच्या दारात बसून राहत. फिकरीच्या आईनं तर गच्चीवरून बादलीभर पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. काका जागचे हलले नाहीत. निथळत म्हणाले, "बघ बाई, मी विरघळलो का? मग तुझा मुलगा कसा विरघळेल?"

स्वतः मात्र ते पाण्यात उतरत नसत.

"मास्तर कधी पोरांच्या बाकावर बसतो का?" एवढंच म्हणत.

पोरांना तेवढं पुरे होतं. फिकरी सांगे, लढाईत काका एका इंग्रजी जहाजाच्या पोटाखालून पोहत पलीकडे निघाले होते. दर उन्हाळ्यात ते जहाज थोडं लांब होई. काका त्यावर हो म्हणत नसत, नाही म्हणत नसत. टोपी सारखी करत. बंदरात कुणी पाणबुड्या किंवा खलाशी भेटला की त्याला बाजूला घेऊन खोदखोदून विचारत: हात कसा मारतोस, श्वास कधी सोडतोस, बुडणाऱ्याला कुठून धरतोस? पोरं एकमेकांना ढोसत. काका परीक्षा घेतायत बघ!

त्या उन्हाळ्यात फक्त वगीदा शिकायची उरली होती. दहा वर्षांची. तिचे वडील छोट्या होडीतून जहाजांपाशी जात आणि उतारूंना चामड्याची पाकिटं, लाकडी उंट विकत. वगीदाला त्यांच्याबरोबर जायचं होतं. पाच भाषांत ती 'स्वस्त, फार स्वस्त' असं ओरडू शकत होती, आणि इटालियन लोकांना तर खरंच पटायचं. पण वडिलांची एकच अट होती. पोहता येत नाही तोवर होडीत पाय ठेवायचा नाही.

"काका, माझ्यानं नाही होणार. तुम्ही सोडून द्या."

"तुला सोडून देऊ?" काका तिच्याशेजारी बसले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तू शंभर वर्षांची झालीस तरी मी इथंच बसेन. भीती वाटते ना? वाटू दे. तिला बरोबर घे आणि उतर."

"तुम्हाला कधी वाटली?"

काका उठले. "चल. मी शेवटच्या पायरीपर्यंत येतो."

शेवटची पायरी शेवाळलेली होती. काकांनी तिथं कधी पाय ठेवला नव्हता. त्यांनी वगीदाला हात दिला, ती पायरीची कड धरून कमरेपर्यंत पाण्यात उतरली, आणि तेवढ्यात जवळून एक मोटारबोट गेली. लाट पायरीवर आदळली. काकांचा पाय सटकला आणि ते खोल पाण्यात गेले.

पोरं एव्हाना गोदीच्या पार पलीकडे गेली होती. त्यांनी जल्लोष केला. "काका उतरले! मोजा रे, किती वेळ आत राहतात! एक! दोन! तीन!"

टोपी वर आली. काका आले नाहीत.

"सतरा! अठरा!"

मग एक हात वर आला आणि पाणी ओरबाडून परत खाली गेला. वगीदाला तो हात कळला. आठवडाभरापूर्वी तिनं स्वतः तसंच पाणी ओरबाडलं होतं, आणि फिकरीनं तिला बाहेर ओढलं होतं.

तिनं पायरी सोडून पुढं झेप घेतली. डोक्यात फक्त काकांचा आवाज होता. पाय! श्वास सोड! समोरून जाऊ नकोस, मागून, हनुवटीखाली हात! तिनं त्यांना तसंच धरलं आणि पायरीपर्यंत आणलं. पोरं पोहत येईपर्यंत काका उपडे पडून खोकत होते, पोटातलं पाणी बाहेर टाकत होते. वगीदा रडत होती.

काकांनी मान वर केली. सगळे चेहरे एकदा पाहिले.

"बघितलंत?" ते धापा टाकत म्हणाले. "हिला पोहायला लावायचं म्हणजे... मला काय काय करावं लागतं!"

गोदी हशानं दणाणली. पोरांनी वगीदाला खांद्यावर घेतलं. तिनं काकांच्या पाठीत गुद्दे घातले, "मुद्दाम केलंत! मला घाबरवलंत!" पुढच्याच आठवड्यात ती वडिलांच्या होडीत उभी राहून ओरडत होती.

पुढं पुन्हा लढाई आली. शहर रिकामं झालं, गल्ली दूरदूरच्या गावांत पांगली आणि काही वर्षांनी जमेल तशी परतली. काकाही परतले आणि पुन्हा पायरीवर उभे राहिले. गुडघे गेले तेव्हा वगीदानं त्यांना खुर्ची आणून दिली. ती आता शाळेत पोहायला शिकवत होती.

काका गेले तेव्हा तिची पन्नाशी आली होती. तिसऱ्या दिवशी बायका वरच्या खोलीत जमल्या. दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी फिरली. आधी रडणं झालं, मग आठवणी निघाल्या. कुणी बादलीची सांगितली, कुणी जहाजाची. बायका तोंडावर ओढणी धरून हसू लागल्या. वगीदानं आपली सांगितली.

"कपड्यांनिशी पडले, नेअमत काकू! नाकातोंडात पाणी जाऊ दिलं, पण वर आले नाहीत. केवढं नाटक! माझ्या एकटीसाठी मुद्दाम पडले."

नेअमत, काकांची बायको, हसली नाही. तिनं पेला खाली ठेवला आणि वगीदाचा हात हातात घेतला.

"मुद्दाम? अगं, आमच्या लग्नाआधी त्याचा धाकटा भाऊ त्याच गोदीत बुडाला. हा पायरीवर उभा राहून नुसता हाका मारत राहिला. त्याला पोहता येत नव्हतं, वगीदा. शेवटपर्यंत आलं नाही."