आवाज न करणारा पंखा

अळिंबी, म्हणजे मशरूम, पिकवायच्या खोलीतला जुना पंखा इतका खडखडायचा, की आत बोललेलं ऐकू येत नसे. म्हणून रंजीताने चंद्रपूरच्या दुकानात तीन पंखे चालू करून पाहिले आणि हवा खेळवणाऱ्या पाइपच्या मधोमध बसणारा, कमी वीज खाणारा, सगळ्यांत शांत पंखा गोंडपिपरीला आणला.

दुपारी आईसमोर तिने तो सुरू केला. खोलीत हवा खेळू लागली. भाताच्या तणसाने भरलेल्या पिशव्यांवर फुटलेली अळिंबी हलकेच थरथरली. पंख्याचा आवाज मात्र अजिबात नव्हता.

मग फुस्स झालं. पुन्हा फुस्स. कुणीतरी पिशव्यांवर पाणी फवारत होतं, आणि फवाऱ्याची बाटली तर दाराबाहेरच्या खिळ्याला लटकलेली होती.

"आई, दुपारचं पानी तूच मारते ना?"

"मी काऊन मारीन? पिशव्या रोज ओल्याच रायतेत. मले वाटे, तूच मारते."

दुपारचं पाणी हे बाबांचं काम होतं. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

फुस्स, फुस्स करत आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि परत वळला.

आई अगदी हळू म्हणाली, "जुनाच पंखा लाव, बाई. आपन आयकून राह्यलो हे समजलं तं लाजतीन ते. मंग येनार नाई."

जुना पंखा आणायला रंजीता दाराकडे वळली. आवाज थांबला.

आणि लहानपणी उन्हाळ्यात बाबा मारायचे, तसे मागून तिच्या मानेवर गार पाण्याचे तीन फवारे आले.